सांगून जायचं

माझा धाकटा भाऊ भानुदास त्या वर्षी चार वर्षांचा होता. आम्ही त्याला भान्या म्हणायचो. त्याच्या मुठीत एवढं बळ कुठून यायचं हे मला आज, पासष्टी उलटल्यावरही, सांगता येणार नाही. मायच्या लुगड्याचा पदर त्यानं एकदा मुठीत धरला की तो सोडवायला दोन माणसं लागायची. मी करंगळीपासून एकेक बोट उकलत जायची आणि अंगठ्यापाशी पोचेस्तोवर करंगळी पुन्हा मिटलेली असायची. माय भाकरी थापायला बसली की हा तिच्या पाठीला पाठ लावून बसे. ती दळायला बसली की जात्याच्या खुंट्यावर तिच्या हाताखाली आपला हात ठेवी. शेजारची जनाकाकू मला म्हणायची, "शांते, हे लेकरू न्हाई, गोचीड हाय." माय हसायची, पण ते हसू पुरतं ओठावर यायच्या आत कोपऱ्यातलं घमेलं तिच्या नजरेला पडायचं.

पाऊस न आल्याचं ते दुसरं वर्ष होतं. आमचं गाव वडवणीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी. दोन खणांचं धाब्याचं घर, पुढं छप्पर, आणि छपरात रिकामी दावण. आमचे आबा, म्हणजे वडील, दोन्ही बैल घेऊन साखर कारखान्याच्या आवारात उघडलेल्या गुरांच्या छावणीत गेले होते, तीन मुक्कामांच्या वाटेवर. तिथं सभासदांच्या जनावरांना उसाचे वाढे मिळत होते आणि आबा कारखान्याचे सभासद होते. या एका गोष्टीवर आमचे बैल जगले. पण निघताना आबांनी एक केलं. पहाटे भान्या निजलेला असताना, त्याला न उठवता ते गेले. "लेकरू मागं लागंल, निजू द्या त्याला," म्हणाले. सकाळी भान्या उठला तर बैल नाहीत, आबा नाहीत. मायनं सांगितलं, "उद्या येतील." दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, "उद्या." मग ते आमच्या तोंडात बसूनच गेलं. त्यानं विचारायचं आणि आम्ही उद्या म्हणायचं. आम्हाला वाटायचं, आपण त्याचं मन राखतोय.

आबा गेल्यावर माय पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागली. डोंगराच्या पल्याड, कोसभर अंतरावर सरकारी काम निघालं होतं. सात गावांची माणसं त्यावर होती. सकाळी हजेरी व्हायची. उशिरा पोचलेल्याला मुकादम बांधावरूनच परत लावायचा, आणि लागोपाठ तीन दिवस चुकले की नाव पुस्तकातून जायचं. त्या कामावरच आमच्या घरात मिलो यायची, ती तांबडी परदेशी ज्वारी. तिची भाकर थापताना कडेला भेगाळायची आणि गार झाली की दातांना ऐकायची नाही. माय ती हुलग्याच्या माडग्यात कुस्करून आम्हाला द्यायची. कधी येसराची, म्हणजे भाजल्या मसाल्याच्या पिठाची, आमटी व्हायची, तीही इतकी पातळ की ताटलीचा तळ दिसायचा. तरी फोडणीत लसणाची एक पाकळी पडली की छपरापर्यंत वास भरायचा, आणि मायच्या पाठीला टेकून बसलेला भान्या नाक वर करून डोळे मिटून तो ओढून घ्यायचा. तेव्हा तो डोळे मिटत होता.

आता माझं सांगते. मी सातवीत होते. गावातली शाळा सातवीपर्यंतच, आणि त्या वर्षाची परीक्षा दिली नाही तर मला चूल आणि घमेलं याशिवाय पुढं काही नव्हतं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, माझ्याबरोबरच्या दोघी आधीच कामावर गेलेल्या मी पाहत होते. माय कामावर गेली की भान्याला सांभाळायला मी घरी. असा दीड महिना माझी शाळा बुडाली. आणि तेवढ्यात गावात बालवाडी उघडली.

सोसायटीचं गोदाम रिकामंच पडलं होतं. एरवी तिथं खताची पोती नि बियाणं यायचं. पण पेरणीच नाही तर खत कुणाला पाहिजे? चेरमननी ते बालवाडीला देऊन टाकलं. वर पत्रे, खाली फरशी, भिंतीला अजून खताचा उग्र वास, आणि एका बाजूला पोती रचायचा हातभर उंचीचा लाकडी माचा. ऊन चढलं की पत्रे तडतडायला लागायचे. सरकारकडून सुकडी यायची, भाजलेल्या पिठाची, गोडसर. तिच्या ओढीनं चाळीस लेकरं जमली. शिकवायला केजहून सुमनबाई आल्या. पंचविशीच्या असतील. सावळ्या, उंच, पायात टायरच्या चपला. बोलायच्या हळू, आणि बोलून झालं की समोरच्याचं ऐकायला थांबायच्या. मोठ्या माणसानं लेकराचं उत्तर ऐकायला थांबणं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या गोदामामागच्या खोलीत राहायच्या आणि शनिवारी दुपारच्या एस.टी.नं केजला जाऊन सोमवारी पहिल्या गाडीनं परत यायच्या.

पहिल्या दिवशी आम्ही दोघींनी भान्याला गोदामापर्यंत नेलं. पदर मुठीत होताच. हजेरीची वेळ होत आली होती आणि मायच्या पायाखाली जमीन तापल्यासारखी ती जागच्या जागी पाय बदलत होती. मला युक्ती सुचली. मी म्हटलं, "भान्या, लपाछपी खेळू. डोळे मिट. धा म्हनल्याबगर उघडायचे न्हाईत." खेळ म्हटल्यावर त्यानं पदर सोडला आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले. मी मायला हातानं खूण केली. ती पळाली. मी सावकाश मोजलं, सात आणि आठच्या मध्ये तर उगीच थांबलेसुद्धा. दहा म्हटल्यावर त्यानं हात काढले, आधी जिथं माय होती तिथं पाहिलं, मग माझ्याकडं. रडू नंतर आलं. आधी तो नुसता माझ्याकडं पाहत राहिला. ते पाहणं मी कुणाला आजवर सांगितलेलं नाही. मग त्यानं जो टाहो फोडला तो शाळेच्या वर्गात माझ्या कानी पडत होता, आणि मी पाटीवर त्रैराशिक मांडत होते.

त्या दिवसापासून भान्यानं डोळे मिटणं सोडलं. आंघोळीला पाणी डोळ्यांत गेलं तरी टक्क उघडे. झोपेशी तो भांडायचा. मान कलंडायची, पापण्या खाली यायच्या आणि दचकून पुन्हा वर जायच्या. मायचा पदर त्यानं मनगटाला गुंडाळून घ्यायला सुरुवात केली. रोज सकाळी गोदामाच्या दारात तीच झटापट, रोज काहीतरी नवी थाप. एकदा "माय मुतायला गेली," एकदा "माय गूळ आनायला गेली." चौथ्या दिवशी बाईंनी मला थांबवलं. "शांता, प्रार्थनेला सगळी लेकरं डोळे मिटतेत. तुझा भाऊ कावून मिटत न्हाई गं?"

"सवय हाय त्याची," मी म्हटलं आणि दप्तर उचलून पळाले.

त्याच आठवड्यात एका दुपारी मला शाळेत बालवाडीतून बोलावणं आलं. तलावावर रोज दुपारी सुरुंग उडवायचे. डोंगरापल्याडून आधी जमिनीतून हादरा यायचा, मागून आवाज, आणि गोदामाचे पत्रे थरथरायचे. त्या दिवशी सुरुंग जरा मोठा झाला. भान्या त्या लाकडी माच्याखाली शिरला तो बाहेर येईना. मी पोचले तेव्हा चाळीस लेकरं भिंतीला लागून चिडीचूप बसली होती आणि सुमनबाई फरशीवर पालथ्या झोपल्या होत्या. लुगडं खताच्या पांढऱ्या धुळीनं माखलेलं, गाल फरशीला लावलेला, एक हात माच्याखाली सरळ आत. ओढत नव्हत्या. हात नुसता आत ठेवला होता, तळवा वर करून. किती वेळ त्या तशा होत्या कोण जाणे. गावातली शिकली-सवरलेली बाई, जिला चेरमनसुद्धा अहो-जाहो करतो, ती एका पोरासाठी अशी जमिनीवर आडवी झाली होती. मीही शेजारी आडवी झाले. आत अंधारात भान्याचे डोळे तेवढे दिसत होते.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला. "माय मेली का?"

बाई म्हणाल्या, "न्हाई. कुनी सांगितलं?"

"धडाम झालं."

"झालं. ते दगड फोडायला करतेत. माय जिती हाय."

"आबा?"

"आबा कुठं गेलेत?"

"उद्या येनारेत," भान्या म्हणाला. आणि मग, अगदी शांतपणे, "ते बी मेले."

बाईंनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. दोघींचे चेहरे फरशीवर, वीतभर अंतरावर. मला तिथंच सगळं ओकावं लागलं. लपाछपी, गूळ आणायला गेलेली माय, रोजचं उद्या. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मला नको सांगू. त्याला सांग." मग मी माच्याखाली तोंड घालून म्हटलं, "भान्या, त्या दिवशी मी तुला फसवलं. खेळ नव्हता. मला शाळंत जायचं होतं." चार वर्षांच्या पोराला हे सांगताना मला जी लाज वाटली तिच्यापुढं पुढच्या आयुष्यातल्या कितीतरी लाजा फिक्या पडल्या.  थोड्या वेळानं त्याची बोटं बाईंच्या तळव्यावर आली.

संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या. माय नुकतीच परतली होती, पायांवर धूळ तशीच. बाई म्हणाल्या, "ताई, तुमी जिथं जाता ती जागा त्याला ठावं न्हाई. त्याच्या लेखी तुमी कुठंच जात न्हाईत, नुसत्या नाहीशा होता. उद्या मी त्याला तलावावर घेऊन येते."

मायचा चेहरा उतरला. "बाई, तिथं गळ्यात पडला तर? सोडलाच न्हाई तर? मुकादम नाव काढील वो माझं."

"माझ्या जिम्मेदारीवर. आन् आजपस्तोर तुमी त्याला चुकवून गेलात. आता चुकवून जायचं न्हाई. सांगून जायचं. रडला तर रडू द्यायचं, पर सांगून."

माय बराच वेळ चुलीतली राख टोकरत राहिली. तिला ते पटलं नव्हतं. रडणाऱ्या लेकराच्या तोंडावर निघून जायचं म्हणजे तिला काळजावर पाय दिल्यासारखं वाटत होतं. पण बाई हलल्या नाहीत. शेवटी माय म्हणाली, "या."

बाईंनी एकट्या भान्याला नेलं नाही. ज्यांच्या आया कामावर होत्या अशा चौदा लेकरांना त्यांनी नेलं, आणि मोठी म्हणून मला. लेकरं एकमेकांच्या सदऱ्याचं टोक धरून डोंगर चढली. आणि खिंडीच्या वर पोचल्यावर आम्ही सगळे थांबलो. मी रोज मायला तिकडं पाठवत होते, पण मी स्वतः ते कधी पाहिलं नव्हतं. खाली अख्खं खोरं उकरलेलं. तांबड्या मातीचा बांध या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत, अर्धा झालेला. आणि त्यावर माणसंच माणसं. ओळी लागलेल्या, डोक्यावर घमेली, एक ओळ चढतेय, एक उतरतेय. हातोड्यांचा आवाज एकाच वेळी हजार ठिकाणी होत असल्यानं तो वेगळा असा ऐकूच येत नव्हता, हवाच खणखणत होती. एकटी माय नव्हे, सात गावांच्या माया तिथं होत्या. एवढं मोठं काहीतरी माणसं घमेल्याघमेल्यानं उभं करताहेत आणि त्यात माझी माय आहे, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं.  भान्यानं मला विचारलं, "समदे दगड मायनं फोडले?"

मायला शोधायला वेळ लागला. तिनं दुरून आम्हाला पाहिलं, पण घमेल्यातली माती बांधावर टाकूनच ती आली. भान्या तिच्याकडं धावला आणि मूठ पदरावर गेलीच. मायनं बाईंकडं पाहिलं, मग ती उकिडवी बसली आणि त्याला दाखवू लागली. "ही माझी जागा. ह्यो माझा हातोडा. हे जनाकाकूचं घमेलं. हितनं माती उचलायची, थितं टाकायची." त्यानं हातोडा उचलून पाहिला, त्याला उचलेना. एवढ्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले पडले. सगळी माणसं हातातलं टाकून वर आली, पार झाडांच्या रांगेपर्यंत. मायनं त्याला कडेवर घेतलं. "आता सुरुंग उडनार. आमी आधीच लांब येऊन बसतोत. मग भाकर खातोत." हादरा आला, धुराचा लोट उठला, दगड वर जाऊन सावकाश खाली पडले. भान्यानं डोळे मिटले नाहीत. त्यानं सगळं पाहिलं, धूर विरेपर्यंत. मग तो मायकडं वळला आणि तिच्या गालाला हात लावून पाहिला.

तिथंच, भाकरीचा तुकडा त्याच्या हातात देऊन, मायनं दुसरंही सांगितलं. "आबा बैल घेऊन छावनीत गेलेत. जिते हायत. पर उद्या न्हाई यायचे. पाऊस पडल्याबगर न्हाई यायचे." भान्या रडला. इतका मोठ्यानं की आजूबाजूच्या बायका भाकरी खायच्या थांबल्या. मुकादम लांबून ओरडला, "ये, कुनाचं हाय ते? हाकला बे कुनी त्याला घरी!" बाई उठून त्याच्याकडं गेल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण तो पुन्हा ओरडला नाही. बाईंनी ना भान्याला उचललं, ना ओढलं. रडणं आपोआप संपेस्तोवर त्या शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "भानुदास, घंटा झाली. माय आता कामाला जानार. दिवस त्या टेकडीला टेकला की ती घराकडं निघती. आपन जाऊ?" त्यानं मूठ उघडली. कुणी बोट लावलं नव्हतं. मी ती मूठ उघडताना पाहिली, आणि खरं सांगते, मघाशी पाहिलेला तो अख्खा बांध मला तिच्यापुढं लहान वाटला.

म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. तो पुढं पंधरा दिवस रडला. पण आता माय त्याच्यासमोर उभी राहून सांगायची, "भान्या, मी चालले," आणि तो हुंदके देत म्हणायचा, "जा." त्या एका शब्दाला तिचे पाय असे जड व्हायचे की कोपऱ्यावर वळेपर्यंत तिची चाल दारू प्यालेल्या माणसासारखी होई. दुपारी सुरुंग झाला की भान्या बाकीच्यांना सांगायचा, "आता माय भाकर खायली." आणि एक दिवस बाईंनी मला मुद्दाम थांबवून दाखवलं. प्रार्थना चालू होती आणि चाळीस लेकरांत भान्याचेही डोळे मिटलेले होते.

माझी नात सध्या बीडला बालवर्गात जाते. परवा मी तिला सोडायला गेले होते. फाटकात एक आई लेकराच्या हातात मोबाईल देऊन हळूच मागच्या मागं सटकत होती. मी तिला अडवलं नाही. मला काय अधिकार? पण ते लेकरू मोबाईलवरून मान वर करील तो क्षण पाहायला मी थांबू शकले नाही.

त्या वर्षी माझी परीक्षा संपल्यावर मी दिवसभर बालवाडीतच असायची. एकदा मी बाईंना विचारलं, "तुमाला हे कुनी शिकवलं? ट्रेनिंगमधी?" त्या सुकडी वाटत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "माझी रंजी हाय की केजला. तीन वर्षांची. बहिनीपाशी ठेवलीय." नवरा दोन वर्षांपूर्वी साप चावून गेला होता. ही नोकरी मिळाली तेव्हा नव्या गावात लेकरू कसं सांभाळायचं म्हणून त्यांनी तिला मागं ठेवलं होतं. "दर सोमवारी सांगून येते. ती एस.टी.पस्तोर रडत येती. मी गाडीत बसते." मला आमच्या लेकरांना कुशीत घेऊन बसलेल्या बाई आठवल्या, एक नव्हे, चाळीस वेळा. त्या प्रत्येक वेळी केजला एक पोर रडत होती. मी घरी येऊन मायला सांगितलं. मायनं दुसऱ्या सकाळी कामावर जाताना गोदामाच्या दारात उभं राहून एवढंच म्हटलं, "बाई, लेकीला घेऊन या. आमी काय मेलोत का?"

पुढच्या सोमवारी बाई फाट्यावर उतरल्या तेव्हा त्यांच्या कडेवर रंजी होती. आणि गंमत अशी की गावच्या चाळीस लेकरांना गप करणाऱ्या बाईंना आपली एकुलती पोर गप करता येईना. रंजी मांडीवरून उतरेना. बाई एका हातानं खडू धरायच्या, दुसऱ्या हातात रंजी. बाई पलीकडच्या कोपऱ्यात पाटी आणायला गेल्या तरी तिचा श्वास अडकायचा. तीन दिवसांत बाईंचे डोळे खोल गेले. चौथ्या दिवशी सकाळी माय घमेलं घेऊन निघाली होती, ती रंजीचं रडणं ऐकून गोदामात शिरली. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"बाई, तुमीच म्हनला होतात की, सांगून सोडायचं."

"दुसऱ्याच्या लेकराला सांगनं सोपं असतंय वो," बाई म्हणाल्या.

मायनं घमेलं दाराशी पालथं घातलं आणि खाली बसून रंजीला आपल्या मांडीवर ओढून घेतलं. रंजी लाथा झाडू लागली. माय म्हणाली, "जा तुमी. काय करायला चाललात ते सांगा आन् जा. तुमी येस्तोर मी हितनं उठत न्हाई."

बाईंनी इकडं-तिकडं पाहिलं. दाराशी रिकामी घागर होती. त्या रंजीपुढं बसल्या. "रंजी, मी पानी आनायला चालले. घागर भरून परत येते." आणि त्या बाहेर पडल्या. मी मागं गेले. चावडीपुढं घागरींची रांग होती, पण टँकर वाटेत बंद पडला होता आणि माणसं परत फिरत होती. गोदामातून रंजीचा आवाज तिथंवर येत होता. बाई क्षणभर उभ्या राहिल्या, आणि गोदामाकडं न वळता त्यांनी ओढ्याची वाट धरली. ओढ्यात लोकांनी वाळूत खड्डे खणले होते. त्यांच्या तळाशी ओंजळभर पाणी झिरपायचं. ते वाटीनं काढायचं, मग पुन्हा झिरपेस्तोवर बसायचं. बाई वाळूत गुडघे टेकून बसल्या. ऊन वर आलं. मला राहवेना. "बाई, रिकामीच घेऊन चला की. तिला काय कळतंय, तीन वर्सांची तर हाय."

"तीन वर्सांची हाय म्हनूनच," बाई म्हणाल्या आणि वाटी पुन्हा खाली सोडली.

मी भरू का म्हटलं तर मान हलवली. किती वाट्या झाल्या मी मोजल्या नाहीत. आम्ही परतलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. मायची त्या दिवसाची हजेरी बुडाली होती, आणि ती त्याच जागी, त्याच मांडीवर रंजीला घेऊन बसली होती. पाय बधीर झाले असणार, पण तिनं ते हलवलेही नव्हते. भान्या तिच्या पाठीशी पाटीवर रेघा ओढत बसला होता. रंजी रडून रडून नुसते उसासे टाकत होती. बाईंनी घागर तिच्यापुढं ठेवली आणि त्या बाजूला बसल्या.

रंजी उठली. घागरीच्या काठाला धरून तिनं आत वाकून पाहिलं. मग हात आत घातला, पार खांद्यापर्यंत, पाणी हाताला लागेस्तोवर. गढूळ पाणी बोटांवरून निथळत होतं. "पानी हाय," ती म्हणाली, कुणालाच नव्हे, आणि तसाच ओला हात घेऊन पुन्हा माझ्या मायच्या मांडीवर जाऊन बसली.